आसनाच्या पुढचा योग : नवसाधकाच्या पहिल्या वर्षासाठी

पुण्यातील अनेक योगवर्गांत सुरुवातीला योगसूत्रकार पतंजलींना वंदन करणारी प्रार्थना म्हटली जाते. नव्याने आलेली मंडळी पहिले काही दिवस ती ओठांतल्या ओठांत पुटपुटतात, मग ती पाठ होते आणि पाठ झाल्यावर तिच्या अर्थाकडे कोणाचे लक्ष राहत नाही. 'योगेन चित्तस्य पदेन वाचां मलं शरीरस्य च वैद्यकेन' या ओळीत पतंजलींना वंदन करताना असे म्हटले आहे की त्यांनी चित्ताचा मळ योगाने, वाणीचा मळ व्याकरणाने आणि शरीराचा मळ वैद्यकाने दूर केला. शरीरासाठी वैद्यक आणि चित्तासाठी योग, ही वाटणी आपण रोज सकाळी हात जोडून उच्चारतो आणि लगेच पुढच्या क्षणी योगाकडून फक्त कंबरेची अपेक्षा करू लागतो.

कंबर, मान, साखर, झोप, वजन या कारणांनी वर्गाला येण्यात कमीपणाचे काहीच नाही. बावीस वर्षांपूर्वी मी स्वतः मानेच्या दुखण्यासाठीच गेले होते आणि वर्षभरात ते दुखणे बरेचसे आटोक्यात आले. मात्र दुखणे थांबताच वर्ग सोडून देणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी मला मनापासून हळहळ वाटते, कारण ज्या कामासाठी ही विद्या घडली ते काम त्यांच्या बाबतीत सुरूच झालेले नसते. ते काम कोणते, आणि नोकरी-संसार सांभाळून पहिल्या वर्षात त्याची सुरुवात कशी करावी, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी एवढे समजून घ्यावे

पतंजलींची योगसूत्रे समाधिपाद, साधनपाद, विभूतिपाद आणि कैवल्यपाद अशा चार पादांत, म्हणजे प्रकरणांत, विभागलेली आहेत. पाठभेदानुसार सूत्रांची एकूण संख्या १९५ किंवा १९६ भरते. यांपैकी आसनाविषयी थेट बोलणारी सूत्रे अवघी तीन आहेत (साधनपाद, ४६ ते ४८) आणि त्यांत एकाही विशिष्ट आसनाचे नाव नाही. पहिले सूत्र म्हणते की आसन स्थिर आणि सुखाचे असावे. दुसरे सांगते की प्रयत्न शिथिल झाल्याने आणि चित्त अनंताच्या ठायी लागल्याने ते साधते. तिसरे त्याचे फळ सांगते : त्यानंतर द्वंद्वांचा आघात होत नाही. थंडी आणि ऊन, मान आणि अपमान, लाभ आणि हानी ही ती द्वंद्वे. लवचीक पाठीचा उल्लेख त्या फळात नाही.

मग आज आपण करतो ती इतकी आसने आली कोठून, असा प्रश्न साहजिकच पडतो. ती मुख्यतः हठयोगाच्या परंपरेतून आली. स्वात्मारामांच्या, साधारण पंधराव्या शतकातील हठप्रदीपिकेत पंधरा आसनांचे वर्णन आहे. परंतु त्याच ग्रंथाच्या आरंभी, दुसऱ्याच श्लोकात, ही हठविद्या केवळ राजयोगासाठी, म्हणजे चित्ताच्या साधनेसाठी, सांगितली जात आहे असे त्यांनी स्पष्ट केले आहे. म्हणजे शरीरावर सर्वाधिक भर देणारी परंपरासुद्धा शरीरापाशी थांबायला सांगत नाही.

योगाची व्याख्या समाधिपादाच्या दुसऱ्या सूत्रात येते : 'योगश्चित्तवृत्तिनिरोधः'. वृत्ती म्हणजे चित्तात उठणाऱ्या हालचाली. त्यांचे पाच प्रकार सांगितले आहेत : प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञान, विपर्यय म्हणजे चुकीचे ज्ञान, विकल्प म्हणजे वस्तू नसताना केवळ शब्दांवर उभी राहणारी कल्पना, आणि निद्रा व स्मृती. मुलगा रात्री साडेदहापर्यंत घरी आलेला नाही आणि फोन उचलत नाही, एवढेच ज्ञान खरे असते; त्यावर चांदणी चौक, ट्रक, अपघात असे जे चित्र दोन मिनिटांत उभे राहते, ते विकल्पाचे काम असते. छाती धडधडते ती त्या चित्रामुळे, प्रत्यक्ष घटनेमुळे नव्हे. कारण घटना घडलेलीच नाही.

निरोध या शब्दाने नवे लोक बिचकतात. विचार दाबून टाकायचे, मन कोरे करायचे, असा अर्थ ते घेतात आणि चार दिवसांत थकतात. मला हा शब्द समजला तो लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या मिरवणुकीत. खाली रस्त्यावर असताना गर्दी नेईल तिकडे जावे लागते. पायाखालची जमीनसुद्धा दिसत नाही. तीच मिरवणूक एखाद्या जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून पाहावी. ढोल तेवढेच वाजत असतात, गर्दी तीच असते, पण आपण ढकलले जात नाही, आणि रस्त्याचा उतार, वळणे, कोण कोठून येते हे सारे दिसू लागते. पतंजलींचे तिसरे सूत्र म्हणते की तेव्हा द्रष्टा, म्हणजे आतून पाहणारा, आपल्या मूळ स्वरूपात स्थिर होतो. दाखल्याला मर्यादा आहे, कारण योगात पुढे वर्दळही ओसरत जाते; मात्र नवसाधकाने रस्ता रिकामा करण्याच्या मागे न लागता गॅलरीचा जिना शोधावा. आसन, श्वास, वागण्याचे यम-नियम आणि ध्यानाची बैठक या त्या जिन्याच्या पायऱ्या आहेत.

वर्ग आणि शिक्षक निवडणे

या बाबतीत पुणेकर भाग्यवान आहेत. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, आपले गुरू टी. कृष्णमाचार्य यांच्या सांगण्यावरून डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिकवायला आले आणि २०१४ साली देहावसान होईपर्यंत पुण्याचेच राहिले. शिवाजीनगर भागातील त्यांची रमामणी अय्यंगार मेमोरियल योग इन्स्टिट्यूट १९७५ साली सुरू झाली. शरीराच्या सूक्ष्म जाणिवेतून आत जाण्याची त्यांची पद्धत आज जगभर शिकवली जाते. पुणे जिल्ह्यातच, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधामची स्थापना केली आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. क्ष-किरण आणि रक्तदाबमापक घेऊन काम करणाऱ्या त्या संस्थेला त्यांनी नाव दिले ते मात्र सूत्रांच्या शेवटच्या पादाचे : कैवल्य, म्हणजे मुक्ती. शरीराचा अभ्यास कोठे पोहोचण्यासाठी आहे, हे त्या नावातच आले.

प्रत्येकाने याच संस्थांत जावे असे मी म्हणणार नाही. घरापासून चालत जाता येईल असा साधा वर्ग पुष्कळदा अधिक टिकतो. प्रवेश घेण्यापूर्वी एक तास बसून पाहण्याची परवानगी मागावी आणि काही गोष्टी न्याहाळाव्यात. शिक्षक नव्या व्यक्तीला रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचा त्रास, शस्त्रक्रिया, गर्भारपण यांविषयी विचारतात का? ज्याचे गुडघे वळत नाहीत त्याला खुर्ची, उशी, पट्टा असा काही आधार देतात, की रेटून बसवतात? शेवटच्या शवासनाला पुरेसा वेळ मिळतो, की दोन मिनिटांत सतरंज्या गुंडाळल्या जातात? आणि शिक्षक स्वतः चिडतात तेव्हा कसे वागतात? मला सुरुवातीच्या एका वर्गात जोर लावून पश्चिमोत्तानासनात दाबले गेले होते आणि त्यानंतर तीन आठवडे मला वाकून वहाणही घालता येत नव्हती. दोष काही प्रमाणात माझाही होता, कारण शेजारणीचे कपाळ गुडघ्याला टेकते आणि माझे टेकत नाही याची मला लाज वाटत होती. 'दुखतंय, इथेच थांबते' असे म्हणणे हा पहिल्याच दिवशी शिकण्याचा धडा आहे.

आसन करताना काय पाहावे

पहिले तीन महिने थोडीच आसने करावीत, पण ती पाहत करावीत. पाहणे म्हणजे काय, हे ताडासनावरून चांगले समजते. सकाळी पाय धुतल्यावर ओल्या पायांनी शहाबादी फरशीवर सरळ उभे राहावे, मग बाजूला होऊन उमटलेले ठसे पाहावेत. बहुतेकांचा एक ठसा दुसऱ्यापेक्षा ठळक असतो. कोणाची टाच गडद उमटते, कोणाची बाहेरची कड. आपण सरळ उभे आहोत असे आपल्याला वाटत होते आणि फरशी वेगळेच सांगते. आता पुन्हा उभे राहून अंगठ्यामागचा उंचवटा, करंगळीमागचा उंचवटा आणि टाच यांवर भार सारखा वाटण्याचा प्रयत्न करावा. अर्ध्या मिनिटात तो पुन्हा जुन्या बाजूला सरकतो. तो सरकला हे ज्या क्षणी कळते, त्या क्षणी योगाचा अभ्यास झाला. भार सरकणे ही शरीराची सवय आहे, ते कळणे ही द्रष्ट्याची जागा आहे, आणि पुढे राग, लोभ, भीती यांचा भार एका बाजूला सरकतानाही याच जागेवरून पाहायचे असते.

प्रत्येक आसनात शिरल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. श्वास अडला आहे का? जबडा, कपाळ किंवा जीभ ताणली आहे का? आणि हे मी कोणाला दाखवण्यासाठी तर करत नाही ना? पहिल्या दोहोंचे उत्तर 'होय' असेल तर आसनातून थोडे मागे यावे. तिसऱ्याचे उत्तर 'होय' असेल तर काहीही बदलू नये, फक्त ते खरे आहे हे मान्य करून आसन चालू ठेवावे. पाहिले गेले की दाखवण्याची ती हौस आपोआप सैल पडते.

शवासन कधीही गाळू नये. पाठीवर झोपून डोक्याखाली चादरीची पातळ घडी घ्यावी, हनुवटी छताकडे उचललेली नसावी, तळहात वर असावेत. बंद पापण्यांखाली बुबुळे हलत असतात, ती हळूहळू खाली विसावू द्यावीत. निदान दहा मिनिटे द्यावीत. अनेकांना झोप लागते. सुरुवातीला लागू द्यावी, ती साठलेली थकावट असते. महिन्याभराने जागेपण आणि विश्रांती एकाच वेळी राहू शकतात हे अनुभवाला येते, आणि ध्यानाची पहिली ओळख पुष्कळांना येथेच होते.

पोट रिकामे असावे, म्हणजे जेवणानंतर तीन ते चार तास गेलेले असावेत. पाळीच्या दिवसांत उलटी आसने अनेक परंपरांत टाळली जातात. बाकीचे तपशील शिक्षकांकडून घ्यावेत.

श्वास

साधनपादातील प्राणायामाचे सूत्र 'तस्मिन् सति' या दोन शब्दांनी सुरू होते : ते झाल्यावर, म्हणजे आसन स्थिर झाल्यावर. मोबाइलवर पाहून पहिल्याच आठवड्यात जोरजोराने कपालभाती आणि लांब कुंभक करणाऱ्यांनी हे दोन शब्द लिहून भिंतीवर लावावेत. श्वास रोखण्याचे प्रकार अनुभवी शिक्षकासमोर बसल्याशिवाय करू नयेत, आणि रक्तदाब, हृदयविकार, दमा, अपस्मार किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय वेगाचे श्वसनप्रकारही करू नयेत.

पहिले तीन महिने श्वास बदलूच नये, फक्त त्याच्यासोबत राहावे. शवासनात पडल्यावर नाकपुड्यांच्या कडेला आत येणारी हवा किंचित थंड लागते आणि बाहेर जाणारी कोमट, एवढेच जाणवू द्यावे. आपण पाहू लागताच श्वास अवघडतो, मुद्दाम घेतल्यासारखा होतो. त्यात काही बिघडलेले नसते, काही दिवसांत तो पुन्हा मोकळा होतो. चौथ्या महिन्यापासून बसून, पाठ ताठ ठेवून, उच्छ्वास श्वासापेक्षा थोडा लांब करावा : आत घेताना मनात चार अंक, सोडताना सहा, आणि तेही ओढाताण न करता पाच मिनिटे. धाप लागली तर अंक कमी करावेत.

याचा उपयोग कोठे होतो ते एका अनुभवावरून सांगते. माझे वडील अतिदक्षता विभागात होते, तेव्हा मी सहा रात्री बाहेरच्या बाकावर बसून काढल्या. दर वेळी दार उघडले की पोटात खड्डा पडे. तिसऱ्या रात्री लक्षात आले की दार उघडण्याच्या आधीच, पावलांचा आवाज आला की माझा श्वास थांबतो. त्यानंतर पावले वाजली की मी फक्त उच्छ्वास पूर्ण करत असे. भीती गेली नाही. ती जावी असेही मला वाटले नाही, कारण ती वडिलांवरच्या मायेतून आलेली होती. पण नर्सताई काय सांगतात ते मला पूर्ण ऐकू येऊ लागले, भावाशी नीट बोलता येऊ लागले, आणि शेवटच्या दिवशी वडिलांचा हात धरून मी शांतपणे बसू शकले. मानेसाठी सुरू केलेल्या गोष्टीने मला तेथवर आणले होते.

यम-नियम : एका महिन्याला एकच

योगाच्या आठ अंगांच्या क्रमात यम आणि नियम आसनाच्या आधी येतात, आणि वर्गात मात्र त्यांचा उल्लेखही क्वचित होतो. अहिंसा, सत्य, अस्तेय म्हणजे चोरी न करणे, ब्रह्मचर्य, अपरिग्रह म्हणजे साठा न करणे, हे पाच यम. शौच म्हणजे शुद्धता, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान म्हणजे ईश्वराला समर्पण, हे पाच नियम. दहाही एकदम पाळण्याचा संकल्प करणारा माणूस आठवड्याभरात स्वतःवर नाराज होतो. म्हणून एका महिन्यासाठी एकच घ्यावा, आणि तो घरात, ऑफिसात, रस्त्यावर कोठे मोडतो हे रात्री वहीत दोन ओळींत लिहावे. सुधारणेची घाई करू नये. कोठे मोडतो ते कळणे हेच पहिल्या महिन्याचे काम आहे.

सत्य आणि अहिंसा एकमेकांच्या शेजारी का ठेवली आहेत, याचा विचार आपण पुण्यातील लोकांनी विशेष करावा, असे मला वाटते. स्पष्ट बोलण्याचा आपल्याला अभिमान असतो आणि तो अस्थानी नाही. पण खरे बोलताना समोरच्याला खाली पाहायला लावण्याचे सुखही आपण त्यात मिसळतो का, हे प्रत्येकाने आपापले पाहावे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याची कसोटी हीच दिली आहे, की वाणी प्राण्यांच्या उपकारासाठी असावी, त्यांच्या घातासाठी नसावी. सुनेच्या भाजीत मीठ जास्त झाले हे खरे असते. ते पाहुण्यांसमोर सांगण्याची गरज कोठून आली, ते शोधणे हा योगाचा अभ्यास होय. अस्तेय घेतले तर इतरांचा वेळ लक्षात घ्यावा : दहा मिनिटे उशिरा पोहोचणारा वर्गातील वीस जणांच्या शांततेतून काहीतरी उचलून नेत असतो. अपरिग्रहाच्या महिन्यात नवी मॅट, नवे कपडे, नवे शिबिर यांपैकी काहीही घेऊ नये. गृहस्थाने ब्रह्मचर्याचा अर्थ इंद्रियांचा संयमित वापर असा घ्यावा.

एखाद्याविषयी वाईट विचार पुन्हा पुन्हा येत असेल तर पतंजलींनी 'प्रतिपक्षभावन' सांगितले आहे, म्हणजे विरुद्ध बाजूचा विचार जाणीवपूर्वक करणे : हा विचार मी पुढे नेला तर शेवटी दुःख आणि अज्ञान यांचेच पीक येईल. आणि माणसांशी वागताना चित्त प्रसन्न राहण्यासाठी समाधिपादातील तेहतिसाव्या सूत्रात चार भावना दिल्या आहेत. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि अपुण्य करणाऱ्याविषयी उपेक्षा.

हे सूत्र सोसायटीच्या वार्षिक सभेला नेऊन पाहावे. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली आहे, त्याला मनापासून 'छान झालं' म्हणता येते का? जिन्याच्या दिव्यांचा हिशोब बारा वर्षे विनातक्रार ठेवणाऱ्या गृहस्थांचे कौतुक होताना आपल्याला आनंद होतो, की आपलेही काम कोणी बोलून दाखवावे असे वाटते? आणि दर वर्षी त्याच पार्किंगवरून भांडणाऱ्या सदस्याचा विषय आपण घरी आणून रात्रीच्या जेवणात वाढतो का? उपेक्षेचा अर्थ अन्याय सोसणे असा नाही. तक्रार अर्जात लिहावी, मत द्यावे, आणि त्या माणसाला आपल्या चित्तात भाड्याने ठेवू नये. माझ्या मते नवसाधकाला पहिल्या वर्षात या एका सूत्राने जेवढे मिळते तेवढे शीर्षासनाने मिळत नाही.

इंद्रियांना आत वळवणे आणि बैठक

प्रत्याहाराचा, म्हणजे इंद्रिये आत वळवण्याचा, सराव आज मोबाइलपासूनच करावा लागतो. उठल्यावर बैठक होईपर्यंत आणि झोपण्यापूर्वी अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. हात सवयीने उशीशेजारी चाचपडतो. तो चाचपडणारा हात पाहावा.

बैठकीसाठी घरातील एक कोपरा ठरवावा. ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अभ्यासाच्या जागेचे वर्णन करताना म्हटले आहे की तेथे बसल्यावर उठावेसे वाटू नये. दोन खोल्यांच्या घरात असे रमणीय स्थान मिळणे कठीण, पण खिडकीजवळची दोन फूट जागा स्वच्छ ठेवता येते. जमिनीवर बसायचे असेल तर घोंगडी किंवा जाड चादर चौपदरी घडी करून तिच्या कडेवर बसावे, म्हणजे गुडघे कंबरेपेक्षा खाली राहतात आणि पाठ मागे कोसळत नाही. गुडघे तरंगत राहिले तर आणखी एक घडी वाढवावी. ज्यांना खाली बसणे शक्य नाही त्यांनी खुर्चीवर, पाठ न टेकता, दोन्ही तळपाय जमिनीवर ठेवून बसावे. त्याने काहीही कमी होत नाही.

सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत. श्वासावर किंवा आपल्या श्रद्धेच्या नामावर लक्ष ठेवावे. चित्त एका ठिकाणी बांधणे ही धारणा, आणि त्याच ठिकाणी जाणिवेचा प्रवाह अखंड राहणे हे ध्यान, अशी सूत्रांतील क्रमवारी आहे. म्हणजे आपण पहिली काही वर्षे जे करतो त्याला धारणेचा प्रयत्न म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. मन गॅस सिलेंडरच्या नंबरकडे, दहाच्या मीटिंगकडे, कोणाच्या तरी जुन्या बोलण्याकडे जाईल. ते गेले हे लक्षात येताच, स्वतःला न रागावता, परत आणावे. दहा मिनिटांत चाळीस वेळा परत आणावे लागले तर चाळीस वेळा अभ्यास झाला. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण असल्याचे सांगतो, तेव्हा भगवंत ते मान्य करतात, आणि मग अभ्यास व वैराग्य हे दोनच उपाय सांगतात. पतंजलींचेही उपाय तेच आहेत.

डोळे मिटल्यावर जुने आघात फार तीव्रतेने वर येत असतील, घाबरे होत असेल किंवा सतत उदास वाटत असेल, तर बैठक थांबवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. आधी सांगितलेली प्रार्थना वैद्यकालाही त्याचे स्थान देते, हे विसरू नये.

वाचन

आठवड्याला एकच सूत्र घ्यावे. अप्पा बळवंत चौकातील दुकानांत योगसूत्रांच्या सार्थ मराठी आवृत्त्या मिळतात. त्यांतील छोटी आणि सोपी आवृत्ती निवडावी. सूत्र सोमवारी वाचून वहीत उतरवावे आणि आठवडाभर ते आपल्या वागण्यात कोठे दिसते ते शोधावे. विभूतिपादातील सिद्धींची वर्णने वाचून नव्या साधकाचे मन तिकडे धावते. त्याच पादात पतंजलींनी त्या समाधीतील अडथळे आहेत असे सांगितले आहे, तेव्हा ते प्रकरण शांतपणे बाजूला ठेवावे.

अडथळे आणि खंड

चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय सांगितले आहेत : व्याधी, स्त्यान म्हणजे मनाचे जडत्व, संशय, प्रमाद म्हणजे बेसावधपणा, आलस्य, अविरती म्हणजे विषयांची ओढ न सुटणे, भ्रांतिदर्शन म्हणजे चुकीची समज, पुढची भूमिका न मिळणे आणि मिळालेली न टिकणे. मला या यादीचा मोठा आधार वाटतो, कारण 'मलाच हे जमत नाही' ही भावना तिच्यामुळे कमी होते. साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात बहुतेकांना काहीच घडत नाही असे वाटते. त्या वेळी घरच्या माणसाला विचारावे : माझ्या बोलण्याचा आवाज पूर्वीपेक्षा चढा आहे की उतरला आहे? नळ स्टॉपच्या सिग्नलला मागून हॉर्न वाजला की खांदे कानाकडे उचलले जातात का, ते स्वतः पाहावे. राग आल्यानंतर तो उतरायला पूर्वी दिवस जात असे, आता तासभर पुरतो का? प्रगती अशा ठिकाणी दिसते.

अभ्यास दीर्घकाळ, अखंड आणि आदराने केला तर दृढ होतो, असे सूत्र आहे; परंतु संसारात खंड पडतोच. गणपतीचे दहा दिवस, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, घरातील आजारपण यांत बैठक सुटते, आणि खंडापेक्षा खंडाबद्दलची खंत अधिक दिवस खाते. अशा वेळी एकदम पूर्ण तासाने सुरुवात करू नये. पहिल्या दिवशी फक्त शवासन करावे. दुसऱ्या दिवशी ताडासन आणि शवासन. तिसऱ्या दिवशी त्यात पाच मिनिटांची बैठक मिळवावी. चौथ्या दिवशी वहीत पुन्हा तारीख घालावी, मधली पाने कोरी न सोडता लगेचच्याच ओळीवर, आणि त्या महिन्याचा यम होता तोच पुढे चालू ठेवावा.